पुरते कोरडे

चर्र झालं. अगदी बारीक. तापल्या तव्यावर पाण्याचा एक थेंब उडावा, तेवढंच. शेजारच्या खुर्चीवर ड्रायर घोंगावत होता, दारावरची घंटी वाजवत कुणीतरी आत येत होतं, त्यामुळे तो आवाज दुसऱ्या कुणाच्या कानावर गेला नसावा. माझ्या गेला. बावीस वर्षं हातात स्ट्रेटनर धरलेली बाई त्या आवाजाने झोपेतूनही उठेल. ताईंच्या मानेच्या डाव्या अंगाला, दोन तापल्या पट्ट्यांच्या फटीतून वाफेची एक रेघ वर आली, आरशात क्षणभर दिसली आणि गेली. मी हात उघडला. ताई मांडीवर प्रुफं घेऊन वाचत होत्या, लाल पेनचं टोक कागदावर टेकलेलं, मान खाली घालून माझ्या स्वाधीन केलेली. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. नणंद आहे. आणि तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते ताईंच्या केसांचं नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मी आधी पाहिलं, मालकीणबाई कुठे आहेत.

मालकीणबाई काउंटरपाशी होत्या, नव्या आलेल्या बाईंशी बोलत होत्या. बोलणं कसलं, साखर पेरणं. हिला कंगवा कसा धरायचा ते मी शिकवलंय. विसाव्या वर्षी आली तेव्हा ओल्या केसांत बारीक दातांचा कंगवा वरून खाली ओढायची, टोकांपासून सुरुवात करायची हे मी हिच्या हातावर चापट मारून शिकवलं. जुन्या बाईंनी पार्लर विकायला काढलं तेव्हा हिने ते घेतलं आणि गुरूची विद्या गुरूला फळली. मला अजून 'अहो' म्हणते. मध्यंतरी दोन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, केस राठ झाले, टोकं तुटली, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, ''अहो, थकला असाल. बेसिनपाशी बघता का जरा? धुवायचं काम हलकं असतं. आणखी एकदा असं काही झालं ना, तर आपण तसंच करू या हं.'' हं! 'हं' म्हणताना मान कशी तिरकी केली, ते मी विसरणार नाही. खिडकीजवळची ही खुर्ची माझी आहे. तिच्या पायाचं एक चाक अडकतं, ते कोणत्या बाजूला लोटलं की सुटतं, ते फक्त मला माहीत. बेसिनपाशी उभं राहून लोकांची डोकी चोळायची आणि मग ती डोकी माझ्याच खुर्चीवर दुसरीच्या हाताखाली जाताना बघायची, यापेक्षा घरी बसलेलं बरं. आणि घरी बसून मी काय करणार? घरी कुणी नाही. चार भिंती आणि एक फ्रिज, तोही रात्रंदिवस कुरकुरतो.

मी ती बट बोटांवर घेतली. काही कळलं नाही. तेच तर.

माझी रीत सगळ्या पार्लरला माहीत आहे, तिची टिंगलही होते. मी सिलिकॉन लावत नाही. बाकीच्या खुर्च्यांवर एकेक बाटली असते, दोन थेंब तळहातावर, केसांवर फिरवलं की केस रेशमासारखे सळसळतात, गिऱ्हाईक आरशात बघून खूश, बाई परत दोन महिन्यांनी हजर. केस आत कसेही असोत, वरून मुलामा. तो थर बसतो, थरावर थर बसतो, आणि आतल्या केसाची काय दशा झालीय ते ना बाईला कळतं ना करणारीला. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, आणि पार्लर चालतं. उष्णतेपासून थोडं वाचवतं ते, मी नाही म्हणत नाही. पण सिलिकॉनने जे होतं ते त्याच्याशिवायही होतं, फक्त त्याला वेळ लागतो आणि लक्ष लागतं. जवस उकळून गाळलेला पातळ चीक केसांना लावायचा, अगदी थोडा. मग केस सुकू द्यायचे. पुरते सुकू द्यायचे. ड्रायरच्या गार हवेवर, बटा उकलून, मुळापासून. मगच स्ट्रेटनर, तोही बारीक केसांना एकशे चाळीसच्या वर नाही, बोटभर रुंदीची बट, एकदाच, न थांबता, मुळाकडून टोकाकडे. दुसऱ्यांदा फिरवायचा नाही. गरम असताना कंगवा लावायचा नाही, बट हातात धरून गार होऊ द्यायची. एवढंच. यात विद्या काही नाही. विद्या एकाच शब्दात आहे: पुरते. जवसाचा चीक वरून आधी सुकतो. वरून बट कडक, कुरकुरीत लागते आणि आत ओल राहते, ती ओल डोळ्यांना दिसत नाही. पाणी शंभरालाच उकळतं, शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ते केसाच्या आत उकळलं की केस आतून फुगतो, फुटतो. बाहेरून दोन दिवस दिसतही नाही. म्हणून बोटांना कळावं लागतं. कोरडा केस कसा लागतो आणि गार केस कसा लागतो, यातला फरक मी हिला, त्या मालकीणबाईला, डोळे मिटायला लावून शिकवला होता. तिला कधी जमला नाही. म्हणून ती बाटलीवर गेली.

आणि आता मलाही जमत नाही. कधीपासून, ते नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस घरी चहाचं भांडं उचललं आणि भांडं भाजतंय हे मला वासावरून कळलं. बोटाच्या पेरावर फोड आला तेव्हा मी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. डॉक्टरांनी टाचणी टोचली, विचारलं, कळतंय का? मी हो म्हटलं. टाचणी दिसत होती, म्हणून हो म्हटलं. त्यांनी मला मान वळवायला सांगितली. मग मात्र बोलती बंद. नसांचं दुखणं आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, काम काय करता विचारलं. मी सांगितलं, घरीच असते. हे माझं पहिलं खोटं. म्हणजे या प्रकरणातलं पहिलं. त्यानंतर मी ओठ शोधून काढला. बट हातात घ्यायची, टोकं बघतेय असं करून तोंडाजवळ न्यायची आणि वरच्या ओठाला हळूच लावायची. ओठाला ओल कळते. ओठाला अजून सगळं कळतं. आरशात गिऱ्हाइकाला वाटतं, बाई किती निगुतीने टोकं बघतेय. लहानशा पोरी, कॉलेजातल्या, नोकरीवाल्या, सर्दी झालेल्या, सिगरेट ओढणाऱ्या, कुणाकुणाचे केस मी ओठाला लावले असतील. एका बाईने तर सांगून ठेवलं, या काकूंकडेच द्या, त्या मायेने करतात. माया! मला हसू आलं, ते मी दाबलं. त्या दोन कुरकुरणाऱ्या बायका ओठ सापडायच्या आधीच्या. ओठ सापडल्यापासून एकही नाही. आजपर्यंत.

आज ओठ लावला नाही. ताईंच्या केसांना मी ओठ लावत नाही. मेले तरी लावणार नाही. गेले सहा गुरुवार मी बोटांच्या भरवशावर, अंदाजाने, घड्याळ बघून करत होते; पाच गुरुवार निभावलं. घड्याळाने काय, सुके असतीलच म्हणून सांगितलं. आज हवेत दमटपणा होता, तो घड्याळाला कसा कळणार? दुसऱ्या कुणाचेही केस मी तोंडाला लावले असते. या बाईचे नाही. माझा राग माझ्याहून मोठा आहे, त्याला मी काय करू.

लग्न ठरलं तेव्हा हिने पहिला प्रश्न विचारला होता, ''पार्लरमध्ये म्हणजे लोकांची डोकी धुते का?'' मला नाही, भावाला विचारला, माझ्या समोर. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करते. तेव्हाही करत होती, आजही करते. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळतो आणि सुटीच्या दिवशी ती ते काम फुकट करते. फ्रिजवर मी सामानाची यादी लावली की संध्याकाळी त्यावर लाल पेन फिरलेलं. 'साबन'चा न खोडून वर ण. 'दाणे'वर काना बरोबर आहे का ते बघून बरोबरची खूण. खूण! मी पंचविशीतली बाई, नवऱ्याला सांगितलं, तुझ्या बहिणीला म्हणावं मी शाळेत नाही. तो हसायचा. तो सगळ्यालाच हसायचा. हसून सोडून द्यायची त्याची सवय होती, त्याने सोडून दिलेलं सगळं मी उचलून ठेवलं, आज माझ्याकडे तो साठा आहे. तो गेला त्या दिवशी वर्तमानपत्रात द्यायच्या चार ओळी मी लिहिल्या. सगळे लिहितात तसंच लिहिलं, 'अल्पशा आजाराने'. ताईंनी कागद घेतला. पर्समधून तेच पेन काढलं, डोळे सुजलेले, नाक लाल, आणि त्या चार ओळींत तीन चुका काढल्या. दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या. तिसरी म्हणजे 'अल्पशा'वर आडवी रेघ. म्हणाल्या, ''आठ महिने अल्प नसतात.''  माझा नवरा आत पडला होता आणि ही बाई शब्द खोडत होती. तेव्हापासून मी मनातून त्यांच्याशी बोलणं सोडलं. तोंडाने बोलते. तोंडाने 'या ताई, बसा ताई'.

मग त्या माझ्याकडे का येतात, असं कुणीही विचारील. चार वर्षांपूर्वी दुसरीकडे कुठेतरी त्यांच्या केसांना कसलंसं सीरम लावलं, मानेवर आणि कानांमागे पुरळ उठलं, आग आग झाली. बाई छापखान्यातली, बाटलीच्या मागचं मुंगीएवढं अक्षर भिंगाखाली वाचून काढलं, शेवटी 'कोन' येणारी, सिलिकॉनच्या जातीची सगळी नावं एका कागदावर उतरवली आणि तो कागद घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. ''यातलं तू काही लावतेस?'' मी म्हटलं, नाही. ''खरं?'' मी म्हटलं, विश्वास नसेल तर दुसरीकडे जा. त्या बसल्या. तेव्हापासून दर गुरुवारी तीन वाजता. शुक्रवारी छापखान्यात संपादक मंडळी येतात, त्यांच्यासमोर केस सरळ, टोकं आत वळलेली, एकही बट इकडे तिकडे नाही, असं त्यांना लागतं. केस कमरेच्या वर चार बोटं. पासष्टीला आलेल्या बाईचे एवढे केस मी दुसरे पाहिले नाहीत. पांढरे झालेत, बारीक आहेत, पण एकेक केस असा की ओढून सोडला तर परत जागेवर जाईल. चार वर्षं मीच ते तसे ठेवले. हातातलं काम चांगलं झालं की मला आनंद होतो, मग ते डोकं कुणाचंही असो. त्या तासाभरात आम्ही दहा वाक्यं बोलत नाही. पाऊस, वीजबिल, शेजारच्यांचा कुत्रा. तरी गुरुवार आला की मी सकाळी जवस उकळायला ठेवते.

बट हातात गार होत होती. मी ती हलकेच कंगव्यात घेतली आणि कंगवा खाली आणला. कंगव्याबरोबर केस खाली आले. बरेच. वीतभर लांबीचा पुंजका, टोकाला वाकडा, मधेच तुटलेला, कंगव्याच्या दातांत अडकून लोंबत राहिला. मी मूठ मिटली. ताईंनी पान उलटलं.

''कसला आवाज आला मघाशी?''

''कसला?''

''चर्र असा.''

''शेजारी ड्रायर चालू आहे.''

''ड्रायर घूं करतो,'' ताई म्हणाल्या. पेनाला टोपण लावलं. टोपण बसल्याचा टक् आवाज मला नको इतका स्पष्ट ऐकू आला. मग त्यांनी हात मागे घेतला, मानेवर नेला, आणि त्यांची बोटं, सत्तर वेळा एकच ओळ तपासणारी ती बोटं, नेमकी तिथेच गेली. चाचपली. थांबली. दोन बोटांत आणखी थोडे तुटके केस आले. ते त्यांनी पुढे आणले, प्रुफाच्या पांढऱ्या कागदावर ठेवले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि बघत राहिल्या. छापलेल्या पानावर सांडलेले केस, वाकडेतिकडे, कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं. मी मागे उभी.  नव्या बाईंना बसवून मालकीणबाई आमच्या दिशेने चालत येत होत्या, सँडलच्या टाचेचा आवाज, टक टक, घाईत नाही.

''वहिनी, हे काय आहे?''

आता इथे मी खरं सांगू शकत होते. माझ्या हाताला कळत नाही, केस ओले होते, मी भाजले. तीन वाक्यं. वाक्यं तोंडात तयार होती, ओळीने उभी होती. ताईंना सांगणं मला एवढं जड गेलंच नसतं, हे मला आज कळतंय. त्या फार तर लाल पेन काढून मला खोडून टाकतील, त्याची मला सवय आहे. पण टक टक जवळ आली होती. ती थांबली, माझ्या डाव्या खांद्यामागे. अत्तराचा वास आला.

''काय झालं हो?'' मालकीणबाई गोड आवाजात म्हणाल्या.

''काही नाही,'' मी म्हटलं. ''ताईंच्या केसांचं वय झालंय. आतून पोकळ झालेत. एवढ्याशा उष्णतेलाही टिकत नाहीत.''

आवाज कसा शांत निघाला! मला स्वतःचंच नवल वाटलं. ताईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी बावीस वर्षं उत्तर दिलं आहे, आजही दिलं.

''गेल्या गुरुवारी तर चांगले होते.''

''वरून. थायरॉइडची गोळी वाढवली ना मध्ये? त्याने होतं असं. एकदम कळतं.''

गोळी खरंच वाढवली होती. त्यांनीच मागच्या महिन्यात सांगितलं होतं, कुत्र्याच्या आणि वीजबिलाच्या मधे कधीतरी. खोट्याला एक खरा टेकू मिळाला की ते पायावर उभं राहतं, त्याला मग धरावं लागत नाही.  कागदावरचे केस ताईंनी बोटाने एका बाजूला केले.

''सीरम लावू या का?'' मालकीणबाईंनी संधी साधली. ''आता नवीन आलंय, हलकं आहे अगदी. वरून घेतलं की तुटलेलं दिसणारच नाही.''

''मला दिसायला नको असं नाहीये,'' ताई म्हणाल्या. ''आहे ते दिसू दे.'' मग माझ्याकडे, आरशातून: ''खरं सांगतेयस?''

''मी तुमच्याशी कधी खोटं बोलले?''

हे मी बोलायला नको होतं. एवढं एक वाक्य मी बोलले नसते तर बरं झालं असतं. कारण ताई विचार करायला लागल्या, खरोखर, एखादं जुनं पान शोधावं तशा, आणि त्यांचा चेहरा बदलला. मऊ झाला असं मी म्हणणार नाही, त्या चेहऱ्यात मऊ काही नाही. पण त्यांनी चष्मा काढला.

''नाही,'' त्या म्हणाल्या. ''कधीच नाही. तो आजारी होता तेव्हा सगळे मला म्हणत होते, बरा होईल, काळजी करू नका. डॉक्टर, शेजारी, तो स्वतः. गुळगुळीत बोलत होते सगळे. तू एकटी म्हणालीस, ताई, दोन महिने. जिन्यात सांगितलंस, आठवतं? मी तुझा राग राग केला. पण त्या दोन महिन्यांत मी रजा काढून त्याच्याजवळ बसले. तू नसतं सांगितलंस तर मी प्रुफंच तपासत बसले असते.''

मला जिना आठवला. मी तिला दुखावण्यासाठी सांगितलं होतं. तिच्या हातात तपासलेल्या कागदांची पिशवी होती, घाईत होती, भावाला बघायला दहा मिनिटं आली होती, आणि मला वाटलं, घे, हेही तपासून घे. दोन महिने. मी ते वाक्य तिच्या अंगावर फेकलं होतं. तिने ते एवढी वर्षं जपून ठेवलं होतं, खरं म्हणून. खरं होतंच.  बाईने माझ्या द्वेषालाच माझा प्रामाणिकपणा समजून उराशी धरलं, आणि मला ते आज, भाजलेल्या केसांवर उभं राहून कळलं.

''काप मग,'' ताई म्हणाल्या.

''ताई, टोकं घेते. तेवढ्याने...''

''पोकळ आहेत म्हणालीस ना? पोकळ केस ठेवून काय करू? चुकीचा मजकूर आहे, काढून टाक.'' त्या हसल्या. स्वतःच्या विनोदावर ताईंना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. ''इथपर्यंत.'' त्यांनी तळहात कानाच्या पाळीखाली आडवा धरला. 

मालकीणबाई अजून मागे होत्या. ''अगदी छान दिसेल,'' त्या म्हणाल्या. ''वयाला शोभेल.'' आणि सरकल्या नाहीत.

नवऱ्याने मला एकदा सांगितलं होतं. ताई दहा वर्षांच्या असताना सासूबाईंनी रागाच्या भरात त्यांची वेणी कात्रीने कापली. उलट उत्तर दिलं म्हणून. मुलाच्या केसांसारखे केस घेऊन पोर महिनाभर शाळेत डोक्याला रुमाल बांधून गेली, आणि मग तिने कुणालाही केसांना हात लावू दिला नाही, आईलाही नाही, बहिणीलाही नाही. तेल ती स्वतः लावायची, विंचरायची स्वतः. बाहेर कुणाकडे केस करायला गेल्या त्या साठीनंतर, आणि तिथे पुरळ उठलं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी कात्री घेतली. कारण ती खुर्ची, कारण ते चाक, कारण टक टक अजून वाजत नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मी आजवर नुसतं म्हणत आले.

मी केस ओले केले, नीट, अगदी नीट. चार भाग केले, चाप लावले. पहिली बट घेतली आणि कापली. तिचा आवाज भरीव होता. पोकळ केस कात्रीत कुरकुरतात, तडतडतात; हे असे कापले गेले जसं ताजं काही कापावं, एकाच कर्र् आवाजात, कात्रीला पकड देत. जमिनीवर पडले तेव्हा त्यांचं वजन कळलं. भाजलेली बट फार तर दोन बोटं रुंद होती, मानेच्या डाव्या अंगाला, वरच्या केसांखाली. एक महिना ती झाकून गेली असती. सहा महिन्यांत नवी आली असती. कुणाला पत्ता लागला नसता. मी उजवी बाजू कापली. मागची कापली. ताईंनी डोळे मिटले होते, हात मांडीवर, प्रुफांवर, एकावर एक. मी त्यांची मान पाहिली. चार वर्षांत मी ती केसांखालून, बटा वर करून पाहिली होती. उघडी कधी पाहिली नव्हती. बारीक मान. नवऱ्याची अशीच होती, शेवटी शेवटी. मी वाकून मानेवरचे बारीक केस फुंकले, आणि फुंकताना ओठ जवळ गेले, इतके जवळ की त्वचेची ऊब ओठाला कळली. मी पटकन सरळ झाले.

मालकीणबाईंनी पायाने जमिनीवरचे केस थोडे हलवले. मग खाली वाकून एक बट उचलली. शिकवलेली पोर होती माझी, त्यात शंका नाही. तिने एक ओला केस वेगळा केला, दोन्ही हातांनी ताणला. तो तुटला नाही, ताणला गेला आणि परत जागेवर आला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. ''हं,'' ती म्हणाली, केस खाली टाकला आणि टक टक करत काउंटरकडे गेली. ती हे कुणाला सांगणार नाही. ती हे ठेवून देईल.

ताईंनी डोळे उघडले. चष्मा लावला. आरशात बराच वेळ बघितलं. मग मान डावीकडे, उजवीकडे. मागून आरसा धरला तेव्हा हात नेऊन मान चाचपली, दोनदा, जणू तिथे कुणाचा तरी हात ठेवलेला आहे का ते पाहत होत्या.

''हलकं वाटतंय,'' त्या म्हणाल्या. ''बरं झालं सांगितलंस. दुसरी कुणी असती तर लपवलं असतं, काहीतरी फासलं असतं वरून, आणि मी तशीच हिंडले असते.''

त्यांनी माझा हात धरला. कात्रीचा हात, बोटांपाशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला त्यांचा असा राग आला, असा की बावीस वर्षांत आला नव्हता. 'साबन'च्या नचा ण केला तेव्हा नाही, 'अल्पशा' खोडलं तेव्हा नाही. विश्वास का ठेवतेस? सगळ्यांचं तपासतेस, माझंच तेवढं का तपासलं नाहीस? हातात लाल पेन असताना माझ्याच ओळीपाशी कशी आंधळी झालीस? बोटांवर त्यांची बोटं होती आणि मला त्यांचा दाब कळत नव्हता, फक्त दिसत होता.

''पुढच्या गुरुवारी...'' ताई उठताना म्हणाल्या, आणि थांबल्या. मग स्वतःच हसल्या. ''पण आता सरळ करायला आहे काय? यायचं कारणच नाही.''

''नाही,'' मी म्हटलं. ''आता नुसते पुसायचे. आपोआप सुकतात.''

''तुझाही वेळ वाचला.''

''हो.''

''बरं,'' त्या म्हणाल्या. प्रुफं पिशवीत घातली, पर्स घेतली. दाराशी क्षणभर उभ्या राहिल्या, काही विसरलंय का ते बघत, मग गेल्या. दारावरची घंटी वाजली. मी झाडू आणला आणि केस गोळा केले. खूप होते, दोनदा उचलावे लागले.

पुढच्या गुरुवारी मी सकाळी जवस उकळायला ठेवले. सवयीने. चीक गाळला, बाटलीत भरला, कामाला नेला. तीन वाजले. खुर्ची माझीच होती, कुणी तिला हात लावला नव्हता. सव्वातीन वाजता मालकीणबाई म्हणाल्या, ''आज तुमच्या नणंदबाई नाही आल्या?'' मी म्हटलं, नाही. साडेतीन वाजता मी चीक बेसिनमध्ये ओतून बाटली धुऊन ठेवली.